उणे ऐंशी

छातीवर नंबर एकशे बारा.
चार सेफ्टी पिना, त्यातली एक गंजकी, ती माझी.
नागपूरच्या पोरांच्या सायकली तुराटीसारख्या हलक्या,
एका बोटावर उचलून दाखवतात.
माझी म्हणजे लोचनाची,
आठवीत शाळेतून मिळालेली, दांडी नसलेली, पुढे टोपली.
घंटी मी बदलली नाही.

पंचवीस वर्षं आरमोरीच्या नाक्यावर पंक्चर काढतो.
लोक येतात, हवा भरतात, जातात.
मी कुठंच गेलो नव्हतो.

गावात वही फिरवली,
दर किलोमीटरला किती, ते लिहायचं.
चक्कीवाल्या कवडूनं आठ आणे लिहिले,
शाळेतल्या बाईंनी पाच रुपये.
भाग्रताबाई म्हणाली, "पैसे कायचे जी? पोरगी तं गेली."
"शोधाचे."
"कायचा शोध?"
मला सांगता आलं नाही.
तरी तिनं दोन पायल्या धान मोजून दिलं,
"याचं काय होते ते लिहून घे. किलोमीटर-गिलोमीटर मले समजत नाही."

घरात तीन कार्डं होती.
माझं पिवळं, तिच्या आईचं पिवळं, लोचनाचं लाल.
पिवळ्यांना काही होत नाही, ते लग्न करतात.
सोयरीक जुळवताना कूळ पाहिलं होतं, रक्त कोण पाहतो?
डॉक्टरांनी कागदावर वाकडी पेशी काढून दाखवली,
तर ही हसली, "बा, हा तं आपलाच विळा."

थंडी येणार हे तिच्या गुडघ्यांना आधी कळायचं.
तव्यावर मिठाची पुरचुंडी तापवून मी शेकत बसायचो.
"घंटी वाजव," म्हणायची,
आपलं कण्हणं आईला ऐकू जाऊ नये म्हणून.
मग सायकल आत घ्यायची, खाटेपाशी,
आणि वाजवत राहायची
उजाडेपर्यंत.

पहाटे साडेपाचला झेंडा हलला.
वडशाच्या अलीकडे नाटकाची गाडी समोरून आली,
रात्रीचा प्रयोग आटोपलेला,
खिडकीला डोकं टेकून राजा झोपला होता,
अर्धी मिशी पुसलेली.
शेतात धानाचे पुंजणे, दवात भिजलेली लाखोळी.
वैनगंगेच्या पुलावर वारा तोंडावर आला
आणि उरलेले सगळे मला ओलांडून गेले.
"काका, गिअर नाही का?"
"नाही जी. गुडघे आहेत."

परतीला तोच पोरगा नहराकाठी उभा, चाक बसलेलं.
ट्यूब काढली, पाण्यात धरली, हळूहळू फिरवली.
"दिसत तर काहीच नाही," तो म्हणाला.
"थांब. बुडबुडा येते."
आला.
तेव्हा वाटलं, भाग्रताबाईला हे सांगायला पाहिजे होतं.

अठ्ठ्याहत्तर किलोमीटर.
तेवीसशे अठ्ठावन्न रुपये, धानाचे धरून.
पोहनकर मॅडमनं पावती फाडली.
"एवढ्यात किती शोध होते, मॅडम?"
तिनं फसवलं नाही,
पेनचं टोपण चावत मनातल्या मनात हिशेब केला.
"शोध नाही होत, इस्तारीभाऊ.
एक फ्रीज आहे आमचा, उणे ऐंशीवर चालतो.
त्याची नऊ दिवसांची वीज होते."
"त्यात काय असते?"
"रक्ताचे नमुने. गावोगावचे."
जरा थांबली. "लोचनाचाही आहे."
नाव नसते म्हणाली, नुसता नंबर.

उणे ऐंशी म्हणजे किती, मला माहीत नाही.
आमच्याकडे मे महिन्यात डांबर चाकाला चिकटते.
थंडी सोसत नाही तिला, असं म्हणणार होतो.
म्हटलं नाही.

पावती टोपलीत ठेवली, वर पान्हा.
उताराला कुणी नव्हतं, तरी घंटी वाजवली.
नऊ दिवस.
दहाव्याचं काय, ते विचारायचं राहिलं.

कवडूच्या चक्कीत उजेड होता.
सायकल भिंतीला लावली
आणि वही काढली.